जुनी व्हिंटेज पोर्ट उघडल्यावर बिघडलेली वाटते: ओतून टाकण्याआधी काय तपासावं

तक्रार थोड्याफार फरकाने एकच असते. वीस-तीस वर्षं जुनी व्हिंटेज पोर्ट (स्पिरिट घालून केलेली गोड पोर्तुगीज वाईन, एकाच सालाच्या द्राक्षांची), कुणीतरी लिस्बनहून किंवा लंडनहून कपड्यांत गुंडाळून आणलेली. बूच निघतं तेच तुकड्यांत. पहिला वास कधी कुबट, कधी नुकत्याच विझवलेल्या काडीसारखा, कधी नुसता स्पिरिटचा भपकारा. रंगही अपेक्षेपेक्षा फिका. मग "गेली वाटतं" म्हणून बाटली बाजूला ठेवली जाते, नाहीतर आणणाऱ्याचं मन मोडू नये म्हणून सगळे कसनुसं हसत पितात. पुढच्या बाटलीला पुन्हा तेच.

यातल्या बऱ्याच बाटल्या धडधाकट असतात. काही खरोखर बिघडलेल्या असतात, आणि नेमक्या त्याच "जुनी आहे, अशीच लागायची" म्हणून पचवल्या जातात. दोन्हीकडे घोटाळा एकच: निकाल पहिल्या पाच मिनिटांत लागलेला असतो. हवा लागल्यावर जो वास विरत जातो त्याची काळजी करू नका. जो तसाच राहतो किंवा वाढतो, तो दोष. म्हणून बूच काढल्यावर लगेच, तासाभराने, चार तासांनी आणि जमलं तर दुसऱ्या दिवशी, असा चार वेळा वास घ्या आणि दर वेळी दोन शब्द लिहून ठेवा. पहिला वास लिहून ठेवणं तर फारच गरजेचं, कारण नाकाला सवय झाली की तो पुन्हा पकडता येत नाही. फक्त त्यावरून निकाल देऊ नका.

आधी बाटली कसली आहे ते बघा

लेबलवर साल दिसलं की ती व्हिंटेज, असं धरून चालणाऱ्यांची अर्धी तक्रार इथेच मिटते. पोर्ट जिथे बनते त्या पोर्तुगालच्या दोरू खोऱ्यात साल छापलेल्या पोर्टचे किमान तीन प्रकार निघतात आणि तिघांचं म्हातारपण वेगळं. खरी व्हिंटेज पोर्ट द्राक्षं काढल्यानंतर दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी न गाळता बाटलीत जाते आणि उरलेलं आयुष्य काचेत, जवळजवळ हवेविना काढते. 'लेट बॉटल्ड व्हिंटेज' ऊर्फ एलबीव्ही चार ते सहा वर्षांनी बाटलीत येते. ती बहुतेक गाळलेली आणि लगेच पिण्याजोगी असते. कोल्हेता हीसुद्धा एकाच सालाची, पण किमान सात वर्षं, पुष्कळदा कितीतरी जास्त, लाकडी पिंपात मुरलेली. तिच्या लेबलवर बाटलीत भरल्याचं सालही असतं. तिचा रंग विटकरी, वास अक्रोडाचा, सुक्या अंजिराचा, गाळ नाही. यातलं काहीही दोष नाही, तो तिचा स्वभाव आहे. '२० वर्षं' असं लिहिलेली टॉनी, म्हणजे पिंपात मुरून विटकरी झालेली पोर्ट, तर एका सालाची नसतेच. ते मिश्रण असतं, आणि आकडा त्या वयाची चव सांगतो. विमानतळावरच्या दुकानांतून आपल्याकडे येणाऱ्या बाटल्या बहुतेक टॉनी नाहीतर एलबीव्ही असतात.

बुचावरूनही ओळखता येतं. वर प्लॅस्टिकची टोपी असलेलं, हाताने फिरवून निघणारं आखूड बूच असेल तर ती व्हिंटेज नाही. व्हिंटेजला लांब, आत ठोकून बसवलेलं बूच लागतं आणि त्यावर साल व ती बनवणाऱ्या घराण्याचं, म्हणजे कंपनीचं, नाव डागलेलं असतं. तळघराच्या ओलीने लेबल गळून गेलेल्या बाटलीची ओळख पटवायला हेच बूच कामी येतं, म्हणून ते केराच्या टोपलीत टाकू नका.

गोव्यात 'पोर्ट' नावाने विकली जाणारी स्वस्त गोड लाल वाईन हा निराळाच पदार्थ आहे. ती थंड करून, मजेत प्यावी. तिच्या चवीवरून दोरूच्या बाटलीला जोखणं मात्र दोघींवरही अन्याय करणारं. मूळ व्हिंटेज पोर्ट तितकी सरळ गोड लागत नाही. तिच्यात लिटरला साधारण १०० ग्रॅम साखर असते, पण वयाबरोबर चवीला ती कोरडी वाटू लागते. "गोडी उतरली" ही तक्रार त्यामुळे निकाली काढायला हरकत नाही.

रंग फिका, कडा तपकिरी

ग्लास पांढऱ्या कागदावर तिरका धरा आणि मध्याचा व कडेचा रंग वेगवेगळा बघा. दहा वर्षांची व्हिंटेज मध्यभागी जवळजवळ अपारदर्शक असायला हवी. पंचवीस-तीस वर्षांनी मध्ये डाळिंबी आणि कडेला विटकरी. १९६३ किंवा १९६६ सालची असेल तर आरपार दिसणारी, गुलाबीसर तांबूस. एवढ्यावरून तिला मेलेली ठरवू नका. द्राक्षाच्या सालीतली रंगद्रव्यं आणि टॅनिन (तुरटपणा देणारी द्रव्यं) एकमेकांना चिकटून जड होतात आणि तळाशी बसतात. बाटलीच्या आत जमलेला तो दाट थर, ज्याला इंग्रज व्यापारी 'क्रस्ट' म्हणतात, म्हणजे वाईनमधून उतरलेला रंगच.

काळजी करायची ती वय आणि रंग जुळत नसेल तेव्हा. १९९४ किंवा २००० ही दोन्ही भरभक्कम सालं. त्यातली बाटली सगळीच्या सगळी तपकिरी निघाली, तर ती कुठेतरी उन्हात किंवा गरम गोदामात राहिली आहे किंवा बुचातून हवा शिरली आहे. अशा वेळी बाटलीतली पातळी बघा. तीसेक वर्षांनी पातळी मानेच्या तळापर्यंत उतरणं स्वाभाविक. खांद्याच्या मध्यापर्यंत किंवा खाली उतरली असेल, त्यातून टोपणाखाली चिकट ओघळ सुकलेला असेल, तर अपेक्षा आधीच कमी करा. टोपणाखाली बुचावर काळी बुरशी दिसली तर मात्र घाबरू नका. ती तळघरातल्या ओलीची खूण, ओल्या फडक्याने पुसली की झालं.

वास: इथेच खरी परीक्षा

वाईट वासांची पाच-सहा घराणी आहेत, आणि सुदैवाने त्यांना नावं ठेवायला मराठीत शब्दांची कमतरता नाही.

कुबट. पावसाळ्यात नीट न वाळलेले कपडे, ओला पुठ्ठा, बंद कोठीतलं दमट गोणपाट. हा बुचाचा दोष. ट्रायक्लोरोअॅनिसोल, थोडक्यात टीसीए, हे संयुग बुचातून वाईनमध्ये उतरतं आणि लिटरमागे काही नॅनोग्रॅम एवढ्यानेही नाकाला जाणवतं. हवा लागून ते जात नाही, उलट तासाभराने जास्त उघड होतं. त्याची दुसरी करामत जास्त फसवी. २०१३ साली जपानी संशोधकांनी दाखवलं की टीसीए नाकातल्या गंधपेशींचं कामच मंदावतं. म्हणजे प्रमाण अगदी कमी असेल तेव्हा कुबट वास असा येतही नाही, फक्त फळाचा वास दबून जातो आणि वाईन मुकी वाटते. चांगल्या सालाची, व्यवस्थित राखलेली बाटली चार तासांनीही निस्तेज असेल तर संशय इथे घ्यावा. ग्लासात पॉलिथिनच्या पातळ कागदाचा बोळा दहा मिनिटं बुडवून ठेवायची युक्ती प्रसिद्ध आहे. पॉलिथिन टीसीए शोषून घेतं, सोबत चवही थोडी ओढून नेतं. निदानासाठी ती उपयोगी आहे. त्या बोळ्याने बाटली वाचवायच्या फंदात मी पडणार नाही.

आणखी एक. वाईनमध्ये बुचाचे कण तरंगत असणं म्हणजे बुचाचा दोष नव्हे. कण गाळले की काम संपलं.

गंधकी. विझवलेली काडी, उकडलेलं अंडं, थोडंसं गटार. वर्षानुवर्षं हवा न मिळालेल्या बाटलीत गंधकाची संयुगं साचतात, बुचाखालची हवा शिळी होते, आणि पहिला दरवळ भयंकर येतो. सर्वांत जास्त बाटल्या याच कारणाने नाहक बाद होतात. डिकँटरमध्ये, म्हणजे काचेच्या सुरईत, ओता, अर्धा-एक तास विसरून जा. बहुतेक वेळा वास उडून जातो. शंका उरली तर तांब्याची चाचणी करा: दोन ग्लासांत थोडी थोडी वाईन घ्या, एकात लख्ख घासलेली तांब्याची तार मिनिटभर ढवळा. त्या ग्लासातला वास गेला आणि दुसऱ्यातला राहिला, तर कारण गंधक. तारेचा ग्लास पिऊ नका. आणि घरात तांब्याचा तांब्या आहे म्हणून सगळी वाईन त्यात ओतायची कल्पना कुणाला सुचली, तर तिथेच थांबवा. वाईन आंबट असते, त्या आम्लाने तांबं विरघळतं. वाईनमध्ये तांब्याची मान्य मर्यादा लिटरला एक मिलिग्रॅम एवढीच आहे.

मेथी. सुकी मेथी तव्यावर भाजली की येतो तसा, किंचित करीपावडरकडे झुकणारा गोडसर वास. तो सोटोलॉन नावाच्या संयुगाचा. खुद्द मेथीदाण्यातही तेच असतं, त्यामुळे आपल्या नाकाला ते झटकन सापडतं. पिंपात हवेच्या संगतीने मुरलेल्या वाईनमध्ये, म्हणजे जुन्या टॉनीत, कोल्हेतात, मदैरा बेटावरच्या वाईनमध्ये, सोटोलॉन वयाबरोबर वाढतं आणि तिथे ते वैभव मानलं जातं. व्हिंटेज पोर्ट मात्र हवेविना म्हातारी झालेली असायला हवी. तीस वर्षांच्या व्हिंटेजमध्ये मेथी आणि अक्रोड ठळक असतील आणि फळ कुठेच नसेल, तर हवा आत गेली आहे. ती पिता येईल, कदाचित आवडेलही. पण मूल्यमापन लिहिताना "टॉनीसारखी झाली आहे" असं सरळ लिहा.

नेलपॉलिश, तिखट आंब. हे अॅसिटिक आम्ल आणि इथाइल अॅसिटेट यांचं काम. किंचित असेल तर जुन्या पोर्टला ते उठाव देतं आणि अनेक जुन्या बाटल्यांत असतंच. डोळ्यांत-नाकात झोंबत असेल आणि तासागणिक चढत असेल, तर दोष. बाटलीत व्हिनेगर तयार झालं असा समज होतो, तो बहुधा चुकीचा. सुमारे २० टक्के अल्कोहोलमध्ये व्हिनेगरचे जिवाणू वाढत नाहीत. हा दोष सहसा स्पिरिट मिसळण्याआधीच्या किंवा पिंपातल्या दिवसांतून आलेला असतो.

शिजलेला. मुरंब्याचा तळ लागल्यासारखा, काळ्या मनुकांचा जड वास. हा उष्णतेचा, आणि आपल्याकडे हा फार भेटतो. कपाटात उभी ठेवलेली बाटली विदर्भातला एक एप्रिल-मे काढते तेव्हा तिची कितीतरी वर्षं एकदम खर्ची पडतात. बूच थोडं वर सरकलेलं असेल तर खूण पक्की. यावर उपाय नाही. पोर्टला १२ ते १५ अंश सेल्सिअस, अंधार आणि आडवी झोप लागते. घरात वाईनचा कूलर नसेल तर व्हिंटेज साठवून ठेवायचा नाद करू नये, आणली की त्याच हिवाळ्यात उघडावी.

नुसता स्पिरिटचा झणका

पोर्ट बनते ती अर्धवट आंबलेल्या रसात ७७ टक्के तीव्रतेचं द्राक्षाचं स्पिरिट ओतून. जुना ठोकळ हिशोब ४३५ लिटर रसाला ११५ लिटर स्पिरिटचा, मिळून ५५० लिटरचं एक पिंप. तेव्हा झणका कुठून येतो हे उघड आहे. पण चांगल्या वाढलेल्या पोर्टमध्ये स्पिरिट वेगळं उभं राहत नाही. राहत असेल तर आधी थर्मामीटर आणा. पुस्तकांत 'खोलीच्या तापमानाला द्यावी' असं लिहिलेलं असतं. ती खोली इंग्लंडातली. मुंबईच्या ३० अंशांत कुठलीही पोर्ट औषधाच्या बाटलीसारखा वास मारेल. १६ ते १८ अंशांवर आणा. डिकँटर थोडा वेळ फ्रिजमध्ये ठेवला की जमतं.

दुसरं कारण ग्लास. लिकरच्या अंगठ्याएवढ्या ग्लासात नाक जातच नाही, फक्त अल्कोहोल वर येतं. वर निमुळता होणारा साधा वाईन ग्लास एकतृतीयांशापेक्षा कमी भरा. पोर्टोचे विख्यात वास्तुरचनाकार अल्वारो सिझा यांनी पोर्टसाठी खास ग्लास रचला आहे, देखणाही आहे, पण त्यावाचून अडत नाही.

तापमान आणि ग्लास दोन्ही ठीक असूनही स्पिरिट टोचत असेल, तर दोष मुळातला असू शकतो. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत व्यापारी घराण्यांना हे स्पिरिट सरकारी व्यवस्थेकडून घ्यावं लागे, निवडीला वाव नव्हता. नंतर ते स्वतः पारखून घेऊ लागले आणि फरक ग्लासात कळतो. १९७० आणि ८० च्या दशकांतल्या काही बाटल्या कितीही थांबलात तरी थोड्या उग्रच राहतात, त्याचं एक कारण हे.

वासच नाही

व्हिंटेज पोर्टचं वय सरळ रेषेत जात नाही. बाटलीत आल्यावर पहिली चार-पाच वर्षं ती फळाने ओसंडत असते. मग मिटून जाते आणि दहा-बारा वर्षं काही बोलत नाही. विशीच्या पुढे पुन्हा उलगडते. २०११ चं थोर साल सध्या या मुक्या टप्प्यात सापडलं तर नवल नाही. २०१६ आणि २०१७ ही लागोपाठ दोन सालं बहुतेक मोठ्या घराण्यांनी व्हिंटेज म्हणून जाहीर केली, एरवी दशकात साधारण तीनच जाहीर होतात. त्यांचीही आता मिटण्याची वेळ. अशी बाटली उघडलीच असेल तर सकाळी डिकँट करून रात्री प्या. वीस-तीस वर्षांच्या बाटलीला तीन-चार तास पुरतात. पन्नाशीच्या पुढे तासभर, त्याहून जास्त नको, तिची उरलेली ताकद ग्लासात असतानाच संपते. एकाच मळ्याच्या, म्हणजे क्विंटाच्या नावाने निघालेल्या व्हिंटेज, ग्रॅहम घराण्याची मालवेदोश किंवा टेलर घराण्याची वार्जेलाश, बहुधा लवकर तयार होतात.

पण वाईनवर आळ घेण्याआधी घराकडे बघा. सकाळची अगरबत्ती, डासांची कॉइल, हिंग-मोहरीची फोडणी, यातलं काहीही त्या खोलीत असेल तर पोर्टच्या सुकलेल्या गुलाबाचा, चहापत्तीचा, अंजिराचा वास कुणालाही लागणार नाही. ग्लास लिंबाच्या वासाच्या साबणाने धुतलेले असतात, नाहीतर कपाटात पालथे ठेवल्याने त्यांत लाकडाचा, डांबरगोळ्यांचा वास अडकलेला असतो. आणि तो वास कुबटच असतो! गरम पाण्याने खळबळून, थोड्या वाईनने विसळून मगच ओता. टीसीएच्या कितीतरी तक्रारी या एका कृतीने संपतात.

गाळ आणि तुटणारं बूच

प्रवासातून आलेली बाटली निदान दोन-तीन आठवडे आडवी पडू द्या, मग उघडण्याआधी दोन दिवस उभी करा. जुन्या बाटल्यांवर चुन्याचा पांढरा ठिपका असतो. तो तळघरात वरच्या बाजूला असायचा, म्हणजे गाळ त्याच्या समोरच्या बाजूला चिकटलेला आहे. आडवी ठेवताना ठिपका वरच राहू द्या.

बूच तुटतं कारण पोर्टच्या बाटलीची मान आतून किंचित फुगीर असते. त्यात बूच फुगून बसतं आणि वर ओढताना अरुंद तोंडाशी फाटतं. दोन पात्यांचा ओपनर बुचाच्या कडेने हळू आत सरकवून पिळत वर काढा. लाख असेल तर आधी ठोकून सोडवा. पोर्टो शहरासमोरच्या, पोर्टची कोठारं असलेल्या गायामध्ये किंवा दोरूच्या काठच्या हॉटेलांत लालबुंद तापवलेल्या चिमट्याने बाटलीची मान कापून दाखवतात. प्रेक्षणीय आहे, घरच्या गॅसवर करू नका.

ओतताना मानेखाली मोबाईलचा दिवा लावा, मेणबत्तीने जास्त शोभा येते एवढंच. एकाच संथ धारेत ओता, मध्ये बाटली सरळ केलीत तर गाळ ढवळला. खांद्याशी गढूळ रेषा दिसली की थांबा. तळाचा अर्धा-पाऊण कप सोडून द्यायचा असतो. गाळ आधीच ढवळला असेल, किंवा बूच आत पडलं असेल, तर श्रीखंडाचा चक्का बांधायचं मलमल नुसत्या पाण्यात उकळून घ्या आणि त्यातून गाळा. कॉफीचा कागदी फिल्टर वापरायचाच तर आधी गरम पाण्याने धुवा, नाहीतर कागदाची चव उतरते आणि तुम्ही पुन्हा बुचावर संशय घेता. तोंडात कडवट, रेतीसारखं लागत असेल तर तो टॅनिनचा दोष समजून लिहू नका, बहुतेक वेळा तो न गाळलेला गाळच असतो.

एकच साल, दोन बाटल्या, दोन चवी

चाळीस-पन्नास वर्षांनी हे होणारच, कारण दोन बुचं सारखी नसतात. त्यात १९७० च्या सालापर्यंत पुष्कळशी व्हिंटेज पोर्ट पिंपांतून इंग्लंडला जाई आणि लंडन-ब्रिस्टलचे व्यापारी ती बाटलीत भरत. पोर्तुगालमध्येच बाटली भरायची सक्ती १९७० च्या दशकात आली. त्यामुळे १९६३ ची एकाच घराण्याची एक बाटली गायामध्ये भरलेली आणि दुसरी इंग्लंडात भरलेली असू शकते. अशा बाटलीबद्दल लिहिताना कुणी भरली, पातळी किती होती आणि बूच कसं निघालं, हे चवीच्या वर्णनाआधी लिहा. त्याशिवाय "१९६३ संपली" हे वाक्य वाचणाऱ्याच्या उपयोगाचं नाही.

उरलेली पोर्ट लहान बाटलीत काठोकाठ भरून फ्रिजमध्ये ठेवा. पन्नाशीतली दुसऱ्या दिवसापर्यंत, विशीतली दोन-तीन दिवस. टॉनी आठवडे टिकते म्हणून व्हिंटेजही टिकेल असं धरू नका. आणि टीसीए निघाला असं दुसऱ्या दिवशीही ठाम वाटत असेल, तर निम्म्याहून जास्त वाईन बाटलीत परत भरून, बुचाच्या तुकड्यांसकट दुकानदाराकडे न्या. चांगला दुकानदार अलीकडच्या सालांसाठी बदलून देतो. लिलावातून घेतलेली असेल तर ती जोखीम तुमची.